हवामान आंदोलनाचं लाइव्ह 'एकत्र' कशाला बघायचं?

उन्हाळी ढग (धागाकर्ता): काल एक आवाहन फिरत आलं. 'हवामान आंदोलनाचा मोठा कार्यक्रम लाइव्ह आहे, आपापल्या भागात पडदा लावा, लोकांना जमवा, बदलाचे साक्षीदार व्हा!' शेवटचे तीन शब्द वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा. साक्षीदार होऊन होतं काय? 2007 मध्ये हवामानासाठीच्या 'लाइव्ह अर्थ' मैफली जगभर दाखवल्या. 2011 मध्ये अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या संस्थेने सलग 24 तास प्रक्षेपण केलं. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत मोजलेला हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा (दर दहा लाख भागांत) तेव्हा 380-390 च्या घरात होता, 2024 मध्ये 420 च्या वर गेला.

मीही हे उद्योग केलेत. चाळीस खुर्च्या मांडल्या, अकरा जण आले. त्यातले दोघे दिवे बंद करायला थांबलेले. मुख्य भाषण सुरू झालं आणि पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र. वीस मिनिटं!

कडूनिंब: अकरा जण आले हा आंदोलनाचा दोष की तुमच्या निमंत्रणाचा? ग्रेटा थनबर्ग ऑगस्ट 2018 मध्ये हवामानासाठी शाळा बुडवून स्वीडनच्या संसदेबाहेर बसली तेव्हा पहिल्या दिवशी एकटीच होती. वर्षभरात जगभर लाखो पोरं रस्त्यावर आली.

उन्हाळी ढग: ती बसली होती हो. बघत नव्हती.

तिरका डोळा: मुळात व्हिडिओ बघणं हेच प्रदूषण! अर्धा तास बघितलं की 1.6 किलो कार्बन. त्यावर कुणी बोलत नाही.

हिशेबनीस: आलं का ते पुन्हा! 2019 मधला तो आकडा एका फ्रेंच गटाचा. बिट आणि बाइटची गल्लत झाली होती, आठ पटींची चूक त्यांनी स्वतःच कबूल केली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विश्लेषणात तासाला सुमारे 36 ग्रॅम निघाले, आणि त्यातही बहुतेक वीज आपल्यासमोरचा पडदा खातो. म्हणजे एकत्र बघणंच स्वस्त. 250 वॉटचा प्रोजेक्टर दोन तास चालला तर अर्धा युनिट. तेच तीस घरांत शंभर वॉटचे तीस टीव्ही लावले तर सहा युनिट.

तिरका डोळा: आणि ते तीस जण येणार कसे? उडत? शिवाय आता टीव्ही बघतो कोण? फोन धरा पाच वॉटचा. तीस फोन, दोन तास, 0.3 युनिट. हरला तुमचा प्रोजेक्टर.

हिशेबनीस: बरं, फोन जिंकला. अभिनंदन. हवामानबदल मिटला, घरी जा.

तिरका डोळा: चूक दाखवली की टोमणे. हीच तुमच्या चळवळीची भाषा.

मागची रांग: विजेचं बिल झालं असेल तर बोलू का? मी अशा कार्यक्रमांत नेहमी मागे बसते. भाषण परक्या भाषेत, उपशीर्षकं पुढच्यांच्या डोक्यांआड. शेजारी एक मुलगा कुजबुजत भाषांतर करत होता, त्यालाच 'शांत बसा' म्हणून दटावलं. तेव्हापासून मी जात नाही. आमच्यासाठी लावता ना पडदा?

कडूनिंब: हे मात्र खरं आहे. आम्ही लाइव्हचा हट्टच सोडला. मध्यरात्रीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उतरवून घेतलेला, फक्त चाळीस मिनिटं. मध्ये थांबवून सांगायचं, मग खुर्च्या गोल करायच्या. आणि ढगसाहेब, आंदोलनं अशी झटपट फळतात थोडीच? कॅनडातून अमेरिकेत तेल आणणाऱ्या कीस्टोन एक्सएल पाइपलाइनविरुद्ध 2011 मध्ये व्हाइट हाउसबाहेर हजारावर लोकांनी अटक करून घेतली. 2015 मध्ये ओबामांनी नाकारली, 2017 मध्ये ट्रम्पनी उकरून काढली, 2021 मध्ये बायडेननी परवाना रद्द केला.

उन्हाळी ढग: तेच म्हणतोय. अटक करून घेतली. खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या नाहीत.

मागची रांग: एक विचारू? ती वीस मिनिटं चक्र फिरत होतं तेव्हा अकरा जण काय करत होते?

उन्हाळी ढग: बोलत होते. सभागृहाच्या गच्चीवर सौर पॅनेल बसतील का, असं काहीतरी. एक जण तर पावलांनी भिंत मोजत होता. मी राउटरशी झटत होतो, नीट ऐकलं नाही.

मागची रांग: नंतर त्यांना फोन केलात?

उन्हाळी ढग: नाही.

हिशेबनीस: आणि हिशेब मागताय मौना लोआकडे!

उन्हाळी ढग: पोचला टोमणा. हजेरीची वही सापडली, सात नंबर वाचता येतायत. उद्या लावून बघतो. लाइव्ह मात्र परत लावणार नाही, ते डोक्यातून काढा.