मदत हवी आहे: मराठी-कन्नड मिश्र बालवाडीसाठी चित्रपुस्तकं कशी निवडावीत? (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी मराठी बालवाडी चालवते. साडेतीन ते साडेपाच वर्षांची 26 मुलं आहेत. बहुतेकांच्या घरी मराठी, सात-आठ जणांच्या घरी कन्नड आणि दोघींच्या घरी उर्दू. गावच्या गणेश मंडळानं यंदा वर्गणीतून उरलेले 6,000 रुपये पुस्तकांसाठी दिलेत. पुस्तकांसाठी एवढी रक्कम याआधी कधी हातात आली नव्हती. ती चांगल्या पुस्तकांवरच खर्च व्हावी, म्हणून विचारते आहे.

सध्या वर्गात अक्षरओळखीची पुस्तकं आहेत आणि बोधकथा आहेत. बोधकथांत पानभर मजकूर आणि कोपऱ्यात बोटभर चित्र. दुसऱ्या पानापर्यंत मागची रांग उठून खेळायला लागते. शेवटी ‘म्हणून नेहमी खरे बोलावे’ आलं की मुलं माना डोलावतात आणि सगळं तिथंच थांबतं. मला माना डोलावणारी मुलं नकोत, विचारणारी हवीत.

मध्यंतरी एका मैत्रिणीनं बाजाराचं चित्र असलेलं एक पुस्तक वापरायला दिलं होतं. मजकूर जवळजवळ नव्हताच. चित्र दाखवल्याबरोबर मागून आवाज आला, “बाई, ते कुत्रं का रडूलालंय?” मग प्रत्येकाला त्या कुत्र्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. वर्गात एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा पुढे आला आणि चित्रावर बोट ठेवत कन्नडमध्ये भराभर सांगत सुटला. शेजारची मुलगी ते आम्हाला मराठीत सांगत होती. अशी पुस्तकं मला घ्यायची आहेत.

अडचणी अशा. पुस्तकं बहुतेक मांडीवर घेऊन एका मुलाला वाचून दाखवण्याच्या आकाराची असतात. 26 जणांना सतरंजीवर बसवून दाखवलं तर मागच्यांना काय दिसणार? एकच गोष्ट, तीच चित्रं, पण मराठीत आणि कन्नडमध्येही, अशी पुस्तकं मिळतात का? कन्नड मुलांसाठी वेगळा कोपरा मला करायचा नाही, सगळ्यांनी एकाच गोष्टीत असावं. पुस्तकातली मराठी पुण्याकडची असते. मी आधी चित्रं दाखवत आमच्या बोलीत सांगते आणि दुसऱ्या खेपेला छापलंय तसं वाचते. हे बरोबर आहे ना?

आणि चित्रांत आमच्या मुलांच्या ओळखीचंही काही असू दे. लिफ्ट, सोफा, बाल्कनी नको असं नाही, पण भाताची लावण, चिखल, रानातून शिवारात उतरणारे गवे कुणाच्या पुस्तकात आहेत का?

पालकांचाही एक प्रश्न येतोच: “अक्षरंच नाहीत त्या पुस्तकात, पोर शिकणार काय?” त्यांना काय सांगावं?

प्रतिसाद – वडगाव, बेळगाव

ताई, तुमच्या कन्नडच्या प्रश्नावर सरळ उपाय आहे. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ 2015 पासून चालू आहे. तिथं पुष्कळ गोष्टी मराठी आणि कन्नड दोन्हींत आहेत, चित्रं तीच. उर्दूही मिळेल. फुकट उतरवून घेता येतात आणि लेखक-चित्रकारांची नावं ठेवली की छापायलाही परवानगी आहे. पहिल्या पातळीच्या गोष्टी 250 शब्दांच्या आतल्या असतात, तुमच्या मुलांना त्याच घ्या. पण प्रत्येक अनुवाद आधी स्वतः मोठ्यानं वाचून बघा. काही फार सुंदर आहेत, काही वाचताना अडखळायला होतं. चेन्नईच्या तूलिकाची पुस्तकंही मराठी आणि कन्नड दोन्हींत येतात.

विकत घेताना ज्योत्स्ना प्रकाशनाचं माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ नक्की बघा, तुमच्या बाजाराच्या चित्रासारखंच काम ते करील. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त असते. तीत मजकूर जास्त असलेली पुस्तकंही आहेत, म्हणून चाळूनच घ्या. सगळे पैसे एकदम घालू नका. आधी थोडी आणा, मुलं कोणतं पुन्हा मागतात ते बघा आणि मग पुढची घ्या.

प्रतिसाद – निपाणी, निवृत्त बालवाडी शिक्षिका

मागच्या रांगेचं मी सांगते. तुमच्याकडून आंबोली उतरून गेलं की कुडाळजवळ पिंगुळी लागतं. तिथले चित्रकथी रामायण-महाभारतातल्या कथा सांगताना सुटी चित्रं एकेक करून समोर धरतात. पुस्तक उघडून धरण्यापेक्षा ते सोपं जातं. जपानात कामिशिबाई म्हणतात, तीही याच जातीची: चित्र मुलांकडे, मजकूर सांगणाऱ्याकडे.

स्टोरीवीव्हरची गोष्ट ए-थ्री कागदावर रंगीत छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पुठ्ठ्याच्या पाठीवर, दुसऱ्याचा पहिल्याच्या पाठीवर, असा एक घर मागे लावत जा. दाखवून झालेला पुठ्ठा गठ्ठ्याच्या मागे सरकवला की पुढच्या चित्राचा मजकूर आपोआप तुमच्यासमोर येतो. मराठी वर आणि कन्नड खाली लिहा.

चित्र निवडताना ते भिंतीला टेकवून मागच्या रांगेच्या जागी जाऊन बसा. माणसांचे चेहरे तिथून ओळखू आले तर घ्या. फिकट रंगांची, बारीक नक्षीची चित्रं कितीही देखणी असली तरी ती दोघातिघांना जवळ घेऊन बघायची, वर्गाची नव्हेत.

प्रतिसाद – बेळगाव, दोन मुलांची आई

बोलीचं तुम्ही करता ते अगदी योग्य. मुलाला गोष्ट आधी आपली वाटू दे, छापील भाषा मागून येते. पालकांना बोलावून एकदा वर्गात बसवा, सांगण्यापेक्षा ते बरं. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात आईवडिलांनी नुसतं वाचून न दाखवता ‘काय चाललंय, का, पुढं काय होईल’ असं विचारत मुलांना बोलतं केलं, आणि ती मुलं भाषेत पुढे गेली. केंद्र सरकारच्या 2022 च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यातही 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी घरच्या भाषेवर भर आहे. इथं कर्नाटकात पहिलीपासून कन्नड शिकावंच लागतं. मराठी घरांतल्या मुलांच्या कानावर ती अशी गोष्टीतून आधीच पडली तर फायदाच आहे.

मूळ प्रश्न विचारणारीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्रकथींचं मला अजिबात सुचलं नव्हतं, ते नक्की करणार. असं ठरवलंय: निम्मे पैसे छपाई आणि पुठ्ठ्याला, निम्म्यांत ‘चित्रवाचन’ आणि दोन्ही भाषांतली काही पुस्तकं. मला कन्नड वाचता येतं, पण सावकाश. म्हणून कन्नड मजकूर वाचायला त्या कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या अज्जीला बोलावणार आहे. त्या यायला तयार आहेत.

भातलावणीचं पुस्तक कुणी सुचवलं नाही. तेवढं आम्हीच करू: मुलं सांगतील, मी लिहीन, आठवीतल्या मुली चित्रं काढतील.

आता एकच विचारायचं राहिलं. इथं पावसात कागद ओलसर होतो, म्हणून लॅमिनेशन करावं म्हणते. पण उजेड चमकून चित्र दिसेनासं होईल का?

प्रतिसाद – निपाणी

चकचकीत केलं तर होईल. मॅट मागा, बेळगावात मिळेल. कडा चारी बाजूंनी बंद करून घ्या, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं. आणि तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा, म्हणजे उजेड चित्रावर पडेल आणि मुलांच्या डोळ्यांवर येणार नाही.