युद्धकैदेत वारलेल्या शिपायासाठी शब्द कोणता : धारातीर्थी, वीरमरण की आणखी काही?

कोरेगावहून विचारणा :
आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. जर्मनच्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडले, एप्रिल १९१६ मध्ये तुर्कांच्या कैदेत गेले आणि रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर असताना वारले. लग्नही झालं नव्हतं. घरात आजवर एवढंच सांगत आले, ‘बसऱ्याला गेला तो गेलाच.’ आता गावच्या पारावर त्यांच्या नावाची शिळा बसवतोय. भावकी म्हणते, ‘धारातीर्थी पडले’ लिहा. मला ते खटकतं. जाणकारांनी सांगावं.

मिरज :
खटकतं ते बरोबरच आहे. धारातीर्थ म्हणजे शस्त्राच्या धारेचं तीर्थ. लढता लढता पडला त्याच्यासाठीच तो शब्द. ‘कामी आले’ म्हटलं तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रणांगणच येतं. हुतात्मा लिहा, सोपं आणि आदराचं.

सातारा :
हुतात्मा नको, काका. आपल्या जिल्ह्यात हुतात्मा म्हटलं की वडूजच्या १९४२ च्या मोर्चावर गोळ्या झेलणारे आठवतात. ते इंग्रज सरकारच्या विरोधात गेले, हा पोरगा त्याच सरकारच्या पलटणीत होता. दोघांचंही मोल मोठं, पण एका शब्दात कोंबलं तर दोघांची हकिगत पुसट होते.

जुन्या मराठीत नेमका शब्द आहे, ‘पाडाव होणे’. लढाईत शत्रूच्या हाती जिवंत सापडणे. कोरेगाव तालुक्यातल्याच कण्हेरखेडच्या शिंद्यांचे जनकोजी १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जखमी होऊन पाडाव झाले आणि कैदेतच मारले गेले. विशीसुद्धा गाठली नव्हती. त्यांना कोणी कमी लेखलं का? नाही. लढता लढता पडलेल्या त्यांच्या काकांच्या, दत्ताजींच्या बरोबरीने त्यांचं नाव घेतलं जातं.

कराड :
शब्द देखणा आहे, पण शिळेवर चालणार नाही. आज ‘पाडाव केला’ म्हणजे हरवलं, असंच पोरं वाचतील. ‘शरण गेले’ तर चुकूनही लिहू नका. कूतचा वेढा १४७ दिवस चालला. शेवटी शेवटी घोडे कापून खायची पाळी आली आणि आपल्यातल्या कित्येकांनी धर्मापायी तेही बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. शरण जायचं ठरवलं सेनापती टाउनशेंडने. शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. त्या उपाशी माणसांना पुढे वाळवंटातून चालवत नेलं, त्यात किती रस्त्यातच पडले.

मिरज :
मग ‘वीरमरण’?

कराड :
वीरमरण मान्य, पण नुसतं नको. त्यात कैद झाकली जाते, आणि या मुलाने सोसलं ते सगळं कैदेतच. ‘युद्धकैदी’ हा शब्द लाजेचा नाही, तो ठळक येऊ द्या. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. आपल्या साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावात सांगतानाही पहिल्या महायुद्धातले ४६ असंच सांगितलं जातं. म्हणून नाव सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात; मग गाव, पलटण; खाली ‘कूतच्या वेढ्यात युद्धकैदी, रास-अल-ऐन येथे कैदेत वीरमरण’.

कोरेगाव :
हे पटलं, भावकीलाही पटेल. ‘बंदिवासात’ कसं वाटतं? थोरल्या चुलत्यांना तो शब्द भारदस्त वाटतो.

सातारा :
बंदिवास म्हटलं की राजबंदी, तुरुंग, कोठडी असं मनात येतं. हे उघड्या माळावर रूळ टाकत होते. ‘कैदेत’च ठेवा, आपल्या घराघरांत तोच शब्द आहे. आणि खाली ‘तुर्कस्तान’ लिहू नका. रास-अल-ऐन तेव्हा तुर्कांच्या राज्यात होतं, आज सीरियात आहे. गावाचं नाव पुरे. मृत्यूची तारीख कागदात नसेल तर नुसतं साल टाका.