शब्दचर्चा : टायटनांना राक्षस म्हणावे का? ग्रीक दैवतकथांतील शब्द आणि आपले शब्द

प्रश्न

सातवी-आठवीच्या मुलांसाठी ग्रीक दैवतकथा मराठीत लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. परकी नावे आणि परक्या संज्ञा यांनी पान भरून जाऊ नये, म्हणून जिथे आपला शब्द सापडेल तिथे तो वापरावा असे ठरवले. त्याप्रमाणे टायटनांना राक्षस, हेडीसला यम, त्याच्या राज्याला पाताळ, अँब्रोशियाला अमृत आणि पोसायडनला वरुण असे लिहीत गेलो. पहिली चार प्रकरणे झाल्यावर मात्र वाचताना खटकू लागले. हे प्रतिशब्द कितपत योग्य आहेत? शिवाय झ्यूस हे नाव आपल्या वेदांतल्या द्यौस् या देवाचेच आहे असे वाचनात आले. तसे असेल तर सरळ द्यौस् लिहावे काय?

उत्तर

आपल्याला जे खटकले ते योग्यच खटकले. माझे मत आधीच सांगतो. दोन शब्दांचे मूळ एक असणे ही एक गोष्ट आहे आणि त्यांचा अर्थ एक असणे ही दुसरी. प्रतिशब्द निवडताना दुसरी गोष्ट पाहावी लागते. आपल्या प्रश्नातला शेवटचा मुद्दा मी म्हणूनच प्रथम घेतो.

झ्यूस आणि द्यौस् ही नावे एकाच मुळातून आली, याविषयी भाषाशास्त्रज्ञांमध्ये वाद नाही. ग्रीक नाव झेउस असे आहे आणि त्याचे षष्ठीचे रूप दिओस होते. संस्कृतात द्यौः आणि षष्ठीत दिवः. ही दोन रूपे शेजारी ठेवली की नाते डोळ्यांना दिसते. इलियड आणि ओडिसी या ग्रीक महाकाव्यांचा कवी होमर, त्याचे वीर 'झेउ पातेर' अशी हाक मारतात, ऋग्वेदात 'द्यौष्पितः' असे संबोधन येते, आणि रोमन लोकांचा युप्पितेर, म्हणजे आपण ज्याला ज्युपिटर म्हणतो तो, याच दोन शब्दांच्या जोडातून झाला आहे. चमकणे, प्रकाशणे हा त्या मुळाचा अर्थ असून आपला 'देव' हा शब्दही तिथूनच आला.

परंतु ऋग्वेदातला द्यौस् हा जवळजवळ केवळ आकाशच राहिला आहे. त्याच्या स्वतःच्या कथा फार थोड्या आहेत. मेघ गोळा करणारा, वज्र फेकणारा, देवांवर राज्य करणारा आणि मर्त्य स्त्रियांच्या मोहात पडणारा झ्यूस हा वागण्याने आपल्या इंद्राच्या कितीतरी जवळ आहे, आणि इंद्राच्या नावाशी त्याच्या नावाचा काहीही संबंध नाही. म्हणून द्यौस् लिहिले तर मुलांपुढे नाव उभे राहील, व्यक्ती उभी राहणार नाही. आणि इंद्र लिहिले तर दुसऱ्याच कोणाची तरी कथा सुरू होईल. झ्यूसच लिहावे. नात्याची गोष्ट पुस्तकाच्या शेवटी टिपेत अवश्य सांगावी, कारण मुलांना ती आवडेल.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि मला ते अधिक बोलके वाटते. ग्रीक भाषेत देव या अर्थाचा सामान्य शब्द 'थेओस' असा आहे. लॅटिनमधला 'देउस' आपल्या 'देव' शब्दाचा सख्खा नातलग आहे, पण थेओस हा त्या दोघांचाही कोणी लागत नाही. तो वेगळ्या मुळातून आला आहे. तरीही थेओसला 'देव' याहून चांगला मराठी शब्द नाही, आणि तो आपण निःशंक वापरावा. एका ठिकाणी रक्ताचे नाते असून शब्द उपयोगी पडत नाही, तर दुसऱ्या ठिकाणी नाते नसूनही शब्द चपखल बसतो.

आता टायटन. राक्षस हा शब्द इथे मुळीच चालणार नाही. प्राचीन ग्रीक कवी हेसिओद याने सांगितलेल्या वंशावळीत टायटन म्हणजे ऊरानोस आणि गाया, अर्थात आकाश आणि पृथ्वी, यांची बारा मुले. ते देवच आहेत, फक्त आधीच्या पिढीतले. त्यांच्यात थेमिस आहे, जी विहित मर्यादेची देवता मानली जाई. नेमोसिने आहे, जी स्मृतीची देवता आणि नऊ कलादेवतांची आई. स्मृतीला राक्षसीण म्हणावे लागले तर शब्द चुकला, हे आणखी सिद्ध करण्याची गरज नाही. 'असुर' हा शब्द थोडा बरा, कारण असुरांचेही देवांशी भाऊबंदकीचे नाते आहे; पण मराठीत असुर म्हटले की दुष्टपणा चिकटून येतोच. अमरकोशात असुरांच्या नावांमध्ये 'पूर्वदेव' असा एक शब्द दिला आहे. जे पूर्वी देव होते आणि ज्यांचे देवपद गेले ते पूर्वदेव. टायटनांची सगळी कथाच त्या एका शब्दात आहे. माझी सूचना अशी की पहिल्या उल्लेखात 'टायटन, म्हणजे पूर्वदेव' असे लिहून पुढे टायटन हाच शब्द चालवावा.

हेडीसविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे एकाच शब्दाची दोन कामे आहेत. हाइदेस (हेडीसचे मूळ ग्रीक रूप) हे मुळात देवाचे नाव. होमरच्या काव्यात मेलेला माणूस 'हाइदेसच्या' जातो, म्हणजे त्याच्या घरी. 'घर' हा शब्द अध्याहृत असतो. आपण 'मामाकडे गेलो' म्हणतो तसेच ते आहे. पुढे देवाचे नावच त्या जागेचे नाव झाले. त्या जागेला पाताळ म्हणणे चुकीचे आहे, कारण आपल्या पाताळात नाग आणि दैत्य नांदतात, मेलेली माणसे नव्हे. नरक म्हणणे त्याहून चुकीचे, कारण नरकात पापी जातात, आणि हाइदेसच्या घरी सगळेच जातात. ओडिसीच्या अकराव्या सर्गात ओदिसेउसला तिथे अखिलेउस भेटतो, ज्याला आपण अकिलीस म्हणतो. तो सगळ्या मृतांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन माणसाच्या शेतावर मजुरी करणे पत्करीन असे म्हणतो, आणि हे बोलणारा पापी नव्हे, सर्वांत मोठा वीर आहे. 'यमसदन' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, कारण त्यातही घर आहे. पण हाइदेसला स्वतःला यम म्हणू नये. यम हा मेलेला पहिला मर्त्य, तो न्याय करतो, प्राण न्यायला येतो. हाइदेस कधीच मर्त्य नव्हता, तो कोणाला आणायला जात नाही, आणि निवाडा करण्याचे काम कथांमध्ये मिनोस, रादामान्थिस आणि आयाकोस यांच्याकडे दिलेले आहे. 'मृतांचा राजा' असे साधे वर्णन करावे.

अमृत मात्र निर्धास्त ठेवा. ग्रीक 'अम्ब्रोतोस' म्हणजे न मरणारा. आरंभीचा अ नकाराचा, आणि उरलेल्या भागात आपल्या 'मृत' शब्दातलेच मूळ आहे. म आणि र यांच्यामध्ये ग्रीकांच्या जिभेवर एक ब आला, एवढेच. त्यावरून झालेला अम्ब्रोसिया हा शब्द आणि आपले अमृत यांचे मूळही एक आहे आणि अर्थही जवळपास एक. फरक इतकाच की होमरच्या देवांचे अम्ब्रोसिया हे बहुधा खाणे असते आणि नेक्तार हे पिणे. दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले तर अमृत आणि नेक्तार असे लिहिता येईल. याच संदर्भात 'इखोर' हा शब्द आपल्याला भेटेल. इलियडच्या पाचव्या सर्गात दिओमेदेस या ग्रीक योद्ध्याचा भाला प्रेमदेवता अफ्रोदितेच्या मनगटाजवळ लागतो तेव्हा रक्त येत नाही, इखोर वाहतो, कारण देव भाकरी खात नाहीत आणि द्राक्षमद्य पीत नाहीत, असे कवी तिथेच समजावून सांगतो. आपल्याकडे यासाठी शब्द नाही. तो जसाच्या तसा ठेवावा. अर्थ कवीनेच सांगून ठेवला आहे.

प्रतिप्रश्न

आपले विवेचन पटले. पोसायडनचे काय? तो समुद्राचा देव आहे, तेव्हा वरुण म्हणण्यात चूक दिसत नाही. तसेच तीन नियतीदेवतांना मी 'सटवाई' म्हटले होते, कारण त्याही बाळाच्या जन्माच्या वेळीच आयुष्य ठरवून टाकतात. तेही बदलावे का?

उत्तर

पोसेइदोन समुद्राचा आहेच, पण तो भूकंपाचाही देव आहे आणि घोड्यांचाही. होमर त्याला वारंवार 'पृथ्वी हलवणारा' म्हणतो. वरुण म्हटले की घोडे आणि भूकंप दोन्ही हातातून जातात, आणि वरुणाचे जे खरे वैशिष्ट्य, ऋताचे, म्हणजे विश्वाच्या नियमाचे, रक्षण आणि पाश टाकून अपराध्याला बांधणे, ते पोसेइदोनमध्ये नाही. या देवाची एक छोटी कांस्यमूर्ती कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली होती आणि ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. आपल्या वाचकांपैकी काही मुले कोल्हापूरची असतील. त्यांनी ती मूर्ती पाहिली तर तिचे खरे नाव त्यांना ओळखता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सटवाईची तुलना सुंदर आहे, आणि मी ती प्रस्तावनेत ठेवीन, कथेत नाही. सटवाई लिहिते. सहाव्या रात्री कपाळावर अक्षरे उमटतात, म्हणून आपण 'नशिबात लिहिलेले' म्हणतो. ग्रीकांच्या मोइरा सूत कातत. क्लोथो म्हणजे कातणारी, लाखेसिस म्हणजे वाटा देणारी आणि आत्रोपोस म्हणजे जिला मागे वळवता येत नाही ती. कपाळावरचा लेख आला की हातातला धागा जातो, आणि मग आयुष्याचा दोरा तुटण्याचे चित्र कुठून आले ते मुलांना कळणार नाही.

मोइरा या शब्दाचा मूळ अर्थ 'वाटा' असा आहे, आणि इलियडच्या पंधराव्या सर्गात तो अगदी घरगुती अर्थाने येतो. तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली: झ्यूसला आकाश, पोसेइदोनला समुद्र, हाइदेसला अंधार, पृथ्वी आणि ओलिंपस सामाईक. झ्यूस हुकूम सोडू लागतो तेव्हा पोसेइदोन चिडून म्हणतो की त्याने आपल्या तिसऱ्या वाट्यात गप्प राहावे. तिथे मूळ शब्द मोइराच आहे. वाटणी, सामाईक, हिस्सा हे आपले शब्द या प्रसंगाला जसे बसतात तसे कुठलेही पौराणिक शब्द बसणार नाहीत. आपलाही 'भाग्य' शब्द 'भाग' शब्दावरूनच झालेला आहे. म्हणून मोइरांना 'भाग्यदेवता' म्हणावे, 'नियती' नको.

आणखी एका वाचकाची शंका

नावांचे लेखन कसे करावे? आपण कुठे अफ्रोदिते, पोसेइदोन लिहिता आणि कुठे झ्यूस. वर्तमानपत्रांत तर अफ्रोडाइट, डेमेटर, आर्टेमिस असेच दिसते. शिवाय विभक्ती लावताना अथेनाने म्हणावे की अथेनेने? सीतेने, दुर्गेने असे आपण म्हणतो, त्या नियमाने अथेनेने बरोबर ठरेल.

उत्तर

लेखनात मी एकसारखेपणा पाळला नाही हे खरे आहे. झ्यूस हे रूप मराठीत इतके रुळले आहे की ते हलवण्यात लाभ नाही. य किंवा ए पुढे आला की आपला झ तालव्य होतो, जसे 'माझा' पण 'माझ्या'. त्यामुळे झ्यूस लिहा की झेउस, ग्रीक उच्चार दोन्हींतून निसटतोच.

इतर नावांसाठी मात्र इंग्रजीच्या वाटेने जाण्याचे कारण नाही. इंग्रजीला त आणि ट वेगळे दाखवता येत नाहीत, आपल्याला येतात, आणि ग्रीक वर्ण दंत्य आहेत. प्राचीन ग्रीकमध्ये ख, थ, फ हे महाप्राणही होते. म्हणून आर्तेमिस, अफ्रोदिते, देमेतेर. शेवटचे नाव पाहा: त्यातला 'मेतेर' म्हणजे आई, आपल्या 'मातृ' शब्दाचा भाऊ. डेमेटर लिहिले की ती आई दिसेनाशी होते. तसेच झ्यूसचा बाप क्रोनोस आणि काळ या अर्थाचा ख्रोनोस हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांची सरमिसळ प्राचीन काळीच सुरू झाली होती, पण आपल्याकडे क आणि ख दोन्ही असताना आपण ती पुढे चालवू नये.

सामान्यरूपाचा प्रश्न फार चांगला आहे. व्याकरणाने अथेनेने हे रूप होते, पण इथे एक अडचण आहे. अथेना हे अथेन्सच्या बोलीतले रूप. होमरच्या आयोनियन बोलीच्या वळणात तीच देवी 'अथेने' आहे आणि हेराची 'हेरे' होते. 'अथेनेने' वाचल्यावर मूळ नाव कोणते धरले ते वाचकाला कळणार नाही. मारियाने, अॅनाने असे आपण परक्या नावांना न बदलता प्रत्यय लावतोच. त्याच रीतीने अथेनाने, हेराला, गायाचा असे लिहावे.

प्रश्नकर्त्याकडून

एक शेवटचे विचारतो. सूड घेणाऱ्या एरिनिएसना 'एउमेनिदेस' म्हणजे 'कृपाळू' असेही म्हणतात. मुले गोंधळतील, म्हणून ते नाव गाळावे असे वाटते.

उत्तर

कृपा करून गाळू नका. एवढी एकच गोष्ट अशी आहे की जी मराठी मुलांना समजावून सांगावी लागणार नाही. बांगडी फुटली तरी आपण 'वाढवली' म्हणतो, दिवा विझवत नाही तर मालवतो, कोकणात साप चावला न म्हणता 'पान लागले' म्हणत, आणि ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पडत त्याला आपल्या आजी-पणजींनी 'देवी' हे नाव दिले. ज्याची भीती वाटते त्याचे नाव घ्यायचे नाही, घ्यायचेच तर गोड करून घ्यायचे. हाइदेसला प्लूतोन, म्हणजे संपत्ती देणारा, म्हणत ते याच रीतीचे. 'कृपाळू आया' असे लिहा आणि शेजारी 'देवी आल्या' हे आपले बोलणे द्या.