प्लाझ्मा बदलल्यावर उतरलेली कावीळ खरी मानायची का?

मदत हवी आहे, आणि लवकर हवी आहे.

धाकटा भाऊ, वय ३४. हिपॅटायटिस ए ची कावीळ झाली होती, उतरेल असं धरून चाललो होतो. नवव्या दिवशी दुपारी झोपेतून उठला आणि आईलाच विचारलं, "कोण पाहिजे?" तेव्हापासून आयसीयूत आहे. अक्यूट लिव्हर फेल्युअर, म्हणजे लिव्हर अचानक निकामी होणं. दारू नाही, आधीचा कुठला आजार नाही.

काल पहिलं प्लाझ्मा एक्स्चेंज झालं. मानेतल्या नळीतून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी परत येतात, विषारी द्रव्यं साठलेला प्लाझ्मा काढून टाकतात आणि त्याजागी दात्यांचा प्लाझ्मा देतात. काढलेल्या प्लाझ्माची पिशवी पाहिली, काळपट पिवळी. मध्येच ओठांना मुंग्या येतायत म्हणाला, तर लगेच कॅल्शियम दिलं.

बिलिरुबिन (कावीळ किती आहे ते सांगणारा आकडा) २४ वरून ११ वर आलं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढला की वाईट) ४.१ वरून १.९. घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण आज सकाळी बिलिरुबिन १६, आयएनआर २.६.

मला हेच खातंय. दात्यांच्या प्लाझ्मात रक्त गोठवणारे घटक असतातच, मग कालचा आयएनआर त्याच्या लिव्हरचा की दात्यांचा? लिव्हरमुळे मेंदूवर झालेला परिणामही गेलेला नाही: हात पुढे धरायला सांगितलं की पंजे अजून फडफडतात. स्वतःचं नाव लिहिताना शेवटचं अक्षर राहून जातं.

उपचारावर माझा विश्वास आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १८२ रुग्णांच्या चाचणीत तीन दिवस मोठ्या प्रमाणात प्लाझ्मा बदललेल्यांपैकी ५८.७ टक्के वाचून घरी गेले, नेहमीच्या उपचारांवरचे ४७.८ टक्के. फरक आहे, पण भरवसा ठेवून बसावं इतका नाही. डॉक्टरही म्हणाले, यातून आपल्याला वेळ मिळतो. घरचे म्हणतात थांबू या. माझा रक्तगट जुळतो, लिव्हरचा भाग द्यायची तयारी आहे. दात्याच्या तपासण्या आत्ताच सुरू करू का? यातून गेलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद:
आजच सुरू करा. तपासण्या केल्या म्हणून ऑपरेशन करावंच लागतं असं नाही, पण वेळ आली तर हाताशी तास असतात, दिवस नसतात. माझ्या बहिणीची तीन एक्स्चेंज झाली होती. एक्स्चेंज संपल्यासंपल्या आलेला रिपोर्ट आम्ही बघणंच सोडलं, पुढच्याच्या आधीचा बघायचो. चौथ्या दिवशी प्लाझ्मा न देता आयएनआर खाली आला, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले की लिव्हर कामाला लागलंय. अमोनिया आणि लॅक्टेट (लिव्हर काम करत नसलं की रक्तात साठणारी द्रव्यं) विचारत राहा, रात्री साखर उतरते का तेही. आणि नाव रोज लिहून घ्या, कागद जपून ठेवा.