जॉर्डन रूप काढता येते, पण ते तसेच का येते हे उमगत नाही

प्रश्न

नमस्कार. मी एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षात शिकते. बी.एस्सी.ला रेषीय बीजगणितात मला कधी अडचण आली नाही. निश्चयक काढणे, आयगेनव्हॅल्यू शोधणे, मॅट्रिक्स कर्णरूपात आणणे हे सारे हातच्या मळासारखे होते. या सत्रात मात्र पहिल्या काही आठवड्यांतच मॅट्रिक्स फळ्यावरून जवळजवळ नाहीशी झाली आणि तिच्या जागी ऑपरेटर, इन्व्हेरियंट उपअवकाश, कोशंट अवकाश आणि आता मॉड्यूल आले. दिलेल्या मॅट्रिक्सचे जॉर्डन रूप (कर्णावर आयगेनव्हॅल्यू, त्यांच्या लगेच वर काही ठिकाणी १ आणि बाकी शून्ये, अशा ब्लॉकांचे रूप) मी पायऱ्या पाठ करून काढते, पण सिद्धतेत "कोशंट अवकाशावरील ऑपरेटर घेऊन मितीवर विगमन करू" असे वाक्य आले की माझा धागा तुटतो. कोशंट अवकाशाची इथे गरजच काय, हे मला कळलेले नाही. शिवाय मॉड्यूल आधी नीट शिकून मग याकडे वळावे, की हे आधी पक्के करावे? नेटची तयारीही करायची असल्याने वेळ मोजका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

कोशंट अवकाश तुम्ही बी.एस्सी.तच पाहिलेला आहे. फक्त तेव्हा त्याचे नाव कोणी सांगितले नसावे. समजा "व" हा सदिश अवकाश आहे, "ट" हा त्यावरील ऑपरेटर आहे आणि "उ" हा असा उपअवकाश आहे की त्यातला कोणताही सदिश "ट" लावल्यावर "उ" मध्येच राहतो, म्हणजे "उ" इन्व्हेरियंट आहे. "उ" ची बेसिस घ्या, ती वाढवून "व" ची बेसिस करा आणि "ट" ची मॅट्रिक्स लिहा. तिचे चार ब्लॉक पडतील. खालचा डावा ब्लॉक शून्य असेल, वरचा डावा ब्लॉक म्हणजे "उ" पुरता मर्यादित केलेला "ट", आणि खालचा उजवा ब्लॉक म्हणजे कोशंट अवकाशावरील ("उ" मधल्या सदिशाएवढाच फरक असलेले सदिश एकच मानल्यावर मिळणाऱ्या अवकाशावरील) ऑपरेटर. बेसिस वाढवताना निवडलेल्या सदिशांत तुम्ही "उ" मधले काहीही मिसळलेत तरी हा खालचा उजवा ब्लॉक तसूभरही बदलत नाही. बदलतो तो वरचा उजवा कोपरा. आपल्या निवडीवर अवलंबून नसलेला हा भाग निवडीशिवाय सांगता यावा, यासाठी कोशंट अवकाश लागतो.

विगमनाचा अर्थही यातून उलगडतो. दोन्ही कर्णब्लॉक मूळ मॅट्रिक्सपेक्षा लहान आहेत, म्हणून त्यांच्यापुरता प्रश्न सुटला आहे असे धरता येते; उरतो तो कोपरा. बेसिस बदलून तो शून्य करता येईल का, हा जॉर्डन सिद्धांतातला खरा प्रश्न आहे असे मी मानतो. दोन कर्णब्लॉकांत एकही सामाईक आयगेनव्हॅल्यू नसेल, तर कोपरा नेहमी शून्य करता येतो. (तिथे सोडवावे लागणारे समीकरण सिल्व्हेस्टरच्या नावाने ओळखले जाते; ते १८८४ चे आहे.) सामाईक आयगेनव्हॅल्यू असली की मात्र खात्री राहत नाही, आणि जॉर्डन ब्लॉकमध्ये कर्णाच्या वर दिसणारे १ हे शून्य न करता आलेल्या कोपऱ्यातूनच आलेले असतात.

एक उदाहरण स्वतः करून पाहा. घात ३ किंवा त्याहून कमी असलेल्या बहुपदींच्या अवकाशावर विकलन हा ऑपरेटर घ्या आणि जॉर्डन रूप काढा. आधी वास्तव संख्यांवर काढा, मग तीनच घटक असलेल्या क्षेत्रावर. दोन्ही उत्तरे सारखी येणार नाहीत.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मॉड्यूलविषयी थोडी भर घालतो. मॉड्यूलचा संपूर्ण सिद्धांत आधी शिकण्याची गरज नाही, कारण त्यातला इथे लागणारा भाग तुम्ही सांत आबेली गटांच्या वर्गीकरणात शिकलेला आहात. १६ घटकांचे आबेली गट किती प्रकारचे असतात? पाच, कारण ४ या संख्येची विभाजने पाच आहेत: ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. आता ४ × ४ च्या शून्यघाती, म्हणजे कोणत्या तरी घाताला शून्य होणाऱ्या, मॅट्रिक्स बेसिसबदल वगळता किती प्रकारच्या असतात ते मोजा. त्याही पाचच, आणि त्याच विभाजनांमुळे. पूर्णांकांच्या जागी बहुपदी आणि २ या अविभाज्य संख्येच्या जागी क्ष ठेवला की एक सिद्धता दुसरीत रूपांतरित होते. ऑपरेटर असलेला सदिश अवकाश हा बहुपदींच्या वलयावरचा मॉड्यूल असतो असे म्हणताना एवढेच अभिप्रेत असते: क्ष ने गुणणे म्हणजे ऑपरेटर लावणे. मग इन्व्हेरियंट उपअवकाश म्हणजे उपमॉड्यूल.

परीक्षेच्या दृष्टीने एक इशारा. कॅरेक्टरिस्टिक बहुपदी (जिची मुळे म्हणजे आयगेनव्हॅल्यू) आणि मिनिमल बहुपदी (मॅट्रिक्स घातल्यावर शून्य होणारी सर्वात लहान घाताची) कळल्या की जॉर्डन रूप कळले, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात. ३ × ३ पर्यंत ते खरे आहे. ४ × ४ ला २+२ आणि २+१+१ या दोन रूपांच्या दोन्ही बहुपदी सारख्याच येतात. कर्नलची, म्हणजे मॅट्रिक्स ज्यांना शून्य करते त्या सदिशांच्या उपअवकाशाची, मिती मात्र पहिल्यात २ आणि दुसऱ्यात ३ असते. कर्नलची मितीही जोडीला घेतली, तर शून्यघाती मॅट्रिक्ससाठी ६ × ६ पर्यंत निभावते. ७ × ७ ला ३+३+१ आणि ३+२+२ यांच्यात तीही सारखीच निघते, तेव्हा मॅट्रिक्सच्या वर्गाची रँक (प्रतिमेची मिती) पाहावी लागते: पहिल्यात ती २ आहे, दुसऱ्यात १. म्हणून सूत्र पाठ करायचेच असेल तर हे करा: क किंवा त्याहून मोठ्या आकाराच्या ब्लॉकांची संख्या म्हणजे क-व्या घाताच्या कर्नलची मिती वजा त्याआधीच्या घाताच्या कर्नलची मिती.

उत्तर ३

मी संगणकावर मोठ्या मॅट्रिक्स हाताळण्याचे काम करते, त्यामुळे एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. जॉर्डन रूप सिद्धांतात जितके देखणे, तितकेच आकडेमोडीत नाजूक आहे. सर्व आयगेनव्हॅल्यू शून्य असलेला १० × १० चा एकच जॉर्डन ब्लॉक घ्या आणि त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक भागिले १००० कोटी एवढी क्षुल्लक संख्या टाका. दहाही आयगेनव्हॅल्यू शून्यापासून तब्बल ०.१ अंतरावर सरकतात आणि एकमेकींहून वेगळ्या होतात, म्हणजे मॅट्रिक्स कर्णरूपात आणता येते! आकडे पूर्णांकनाने थोडे जरी हलले तरी जॉर्डन रूप मोडते, म्हणून प्रत्यक्षात शूरचे त्रिकोणी रूप वापरतात. त्यात फक्त परस्परलंब एकक सदिशांची बेसिस चालते, आणि तशी बेसिस चूक वाढवत नाही. तरीही सिद्धता शिकू नका असे मी म्हणणार नाही. शूरच्या रूपाची सिद्धताही कोशंटवरच्या त्याच विगमनाने होते, फक्त तिथे कोशंटऐवजी लंब पूरक उपअवकाश घेता येतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. उदाहरण करून पाहिले. वास्तव संख्यांवर ४ आकाराचा एकच ब्लॉक आला. तीन घटकांच्या क्षेत्रावर क्षच्या घनाचे विकलन शून्य होते, त्यामुळे कर्नलची मिती २ झाली आणि ३ व १ आकारांचे दोन ब्लॉक आले. ब्लॉक मोजण्याचे सूत्र दोन्हीकडे लावले, उत्तरे जुळली. "उ" म्हणून स्थिर बहुपदींचा उपअवकाश घेऊन चार ब्लॉकही लिहून पाहिले. कोशंटवरचा ऑपरेटर खालच्या कोपऱ्यात ३ × ३ ची मॅट्रिक्स म्हणून समोर आला. वास्तव संख्यांवर तो स्वतः ३ आकाराचा एक ब्लॉक आहे, तीन घटकांच्या क्षेत्रावर मात्र २ आणि १ असा फुटतो.

उत्तर १

अगदी बरोबर. ज्या १८७० च्या ग्रंथामुळे हे रूप कामीय जॉर्डन यांच्या नावाने ओळखले जाते, त्यात त्यांनी ते अविभाज्य संख्येच्या शेषांवर, म्हणजे सांत क्षेत्राच्या संदर्भातच मांडले होते. तेव्हा तुमचे दुसरे उदाहरण मूळ विषयाच्या अधिक जवळचे आहे. आता हेच विकलन घात ६ पर्यंतच्या बहुपदींवर, त्याच तीन घटकांच्या क्षेत्रावर करा आणि उत्तर २ मधल्या ७ × ७ च्या दोन रूपांपैकी कोणते येते ते इथे लिहा.

प्रश्नकर्ती

३+३+१ आले. वर्गाची रँक २ आहे.