सर टी. माधवराव : सुधारक दिवाण की इंग्रजांचा माणूस?

मोडीवाचक :
बडोद्याच्या सुधारणांचे श्रेय साहजिकच सयाजीराव महाराजांना दिले जाते. परंतु महाराज अल्पवयीन असताना, म्हणजे १८७५ पासून, राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करणाऱ्या इंग्रजांनीच त्यांची नेमणूक केली असल्याने, त्यांना सुधारक म्हणावे की केवळ इंग्रजांच्या विश्वासातला कारभारी, असा प्रश्न पडतो. जाणकारांनी मत द्यावे.

दप्तरदार :
याचे उत्तर बडोद्याआधी त्रावणकोरात (आजच्या दक्षिण केरळातले संस्थान) शोधावे लागेल. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले (त्यांच्या मराठीचा थाट आपल्याहून निराळाच असणार). वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण. ते स्वतः दिवाण झाले तेव्हा संस्थान कर्जात होते. मिरी पिकवणाऱ्याने ती सरकारलाच, सरकार ठरवील त्या भावाने घालायची, असा मक्ता होता. तो १८६० मध्ये उठवून त्यांनी निर्यातीवर जकात बसवली आणि १८६३ मध्ये तंबाखूचा मक्ताही रद्द केला. १८६५ च्या जाहीरनाम्याने तर सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना ती विकण्याचा आणि गहाण ठेवण्याचा हक्क मिळाला. नुसत्या हुकमाच्या ताबेदाराला हे सुचले नसते, असे माझे मत आहे.

ऐनजिनसी :
बडोद्यात त्यांची गाठ इजारदारांशी पडली. महालाचा (म्हणजे तालुक्याचा) वसूल मोठी बोली लावणाऱ्याला ठरावीक मुदतीच्या इजाऱ्याने दिला जाई; मुदत संपण्याआधी बोलीची रक्कम आणि वर आपला नफा काढून घेण्याची त्याला घाई असे, आणि पुढच्या वर्षी शेत पडीक राहिले तरी त्याचे काही बिघडत नसे. ही पद्धत मोडून वसूल पगारी अंमलदारांकडे देणे, न्यायखात्याची नीट घडी बसवणे, शाळा काढणे ही कामे माधवरावांनी केली, आणि पुढे सयाजीरावांनी त्याच पायावर इमारत चढवली.

तळटीप :
दोघांचेही म्हणणे मान्य, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. नाडार या खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या स्त्रियांना अंग झाकण्याची परवानगी देणारा १८५९ चा त्रावणकोरचा जाहीरनामा त्यांच्याच दिवाणगिरीतला असला, तरी तो मद्रासच्या गव्हर्नरच्या दडपणाखाली निघाला, आणि त्यातही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र नेसू नये ही अट राहिलीच. जकात आणि जमीन यांबाबत धीट असलेला हा माणूस जातीपुढे मात्र बिचकत होता. उलट, १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांनीच स्वीकारले, तेव्हा त्यांना निव्वळ इंग्रजांचा माणूस म्हणणेही जमत नाही.

मोडीवाचक :
आभारी आहे. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोरच्या ज्या चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात, तिथला पुतळा यांचाच, हे मला आज कळले. तिथून मी दोनदा बस पकडली होती.