थंडीत स्टार्टिंगसाठी डिझेलमध्ये पेट्रोल मिसळावं का?

वाडीनाका: कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) डिझेल पिकअप आहे. नागपुरात पारा दहाच्या खाली गेला की सकाळी सेल्फ लांबतो, पांढरा धूर येतो, मिनिटभर खडखड. मिस्त्री म्हणतो टाकीत दोन लिटर पेट्रोल ओता, पटकन पेटेल. पेट्रोल तर काडी दाखवली की भडकतं, मग अडचण काय?

सरळसाखळी: भाऊ, काडीने पेटणं वेगळं आणि दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेटणं वेगळं. काडीला नुसती वाफ पुरते. डिझेल इंजिनात रेणूची ठेवण बघितली जाते. लांब सरळ साखळीत मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. त्या जागी ऑक्सिजन बसतो, आणि साखळी लवचिक असल्याने तो वळून त्याच रेणूतला दुसरा हायड्रोजन ओढतो. आणखी एक ऑक्सिजन जोडला की पेरॉक्साइड तयार होतं, ते फुटलं की मूलकांची, म्हणजे चटकन प्रतिक्रिया करणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांची, संख्या वाढत जाते. फांद्यांच्या रेणूत मिथाइल गट (टोकाला एक कार्बन, तीन हायड्रोजन) जास्त, त्यांचे हायड्रोजन घट्ट धरलेले. बेंझिनच्या कड्यावरचे त्याहून घट्ट. म्हणून सरळ हेक्झाडेकेनचा सीटेन नंबर (इंधन किती लवकर आपोआप पेटतं त्याचं माप) १००, तर तितक्याच १६ कार्बनच्या फांदीवाल्या आयसोसीटेनचा फक्त १५. बीएस-६ डिझेलला किमान ५१ लागतो. पेट्रोल तर मुद्दाम उशिरा पेटणारं बनवतात, नाहीतर पेट्रोल इंजिनात ठोका (अवेळी आपोआप पेटून होणारी खटखट) येईल. ते मिसळलं की फवारा आणि पेट यांतलं अंतर वाढतं, साचलेलं इंधन एकदम जळतं. खडखड वाढेल, कमी होणार नाही.

नोझलवाला: शिवाय हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, पेट्रोलने तो घासला जातो. आधीच ओतलं असेल तर चावीसुद्धा फिरवू नका, टाकी रिकामी करा.

पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हीटर प्लगची (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारा प्लग) वायर काढून ओहमवर मीटर लावा: धातूचा प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग गेला. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर इंजिन हळू फिरतं आणि हवा पुरेशी तापत नाही. दोन्ही ठीक असतील तर नोझलच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) सारख्या बाटल्यांत सोडा. एकीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल आलं तर तो नोझल गळतोय, रेलमध्ये दाब बनत नाही.

वाडीनाका: आणि सीटेन वाढवणारं औषध?

सरळसाखळी: त्यात बहुधा इथाइलहेक्झिल नायट्रेट असतं. त्याचा नायट्रोजन-ऑक्सिजन बंध कमजोर, लवकर तुटून मूलकं देतो. शुद्ध असेल तर लिटरला एक मिली पुरे. बाटलीतलं पातळ केलेलं असतं, लेबलवरचं माप पाळा. दुप्पट टाकून दुप्पट फायदा होत नाही. २०१४ मध्ये नागपुरात आलेल्या स्कॅनियाच्या इथेनॉल बसलाही असंच पेटवणारं रसायन आणि २८:१ कॉम्प्रेशन लागलं, कारण इथेनॉल आपोआप पेटायला फारच आळशी. पण प्लग जळालेला असेल तर औषधाचे पैसे वाया.